गाडीला हात लावायचा नाही

ऐक ना. तू आधी फक्त ऐक. मध्ये प्रश्न विचारू नकोस, तू प्रश्न विचारलास की मी भलतीकडेच जाते आणि मुख्य गोष्ट राहते.

आमच्या आजोबांची गाडी तुला माहितीये ना? तीच, गोल दिव्यांची, पिस्ता रंगाची. शेहेचाळीस वर्षांची आहे ती, बाबांपेक्षा फक्त तीन वर्षांनी लहान. आता पिस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं, खरं तर सोडा घालून तीनदा उकळलेल्या कपड्यासारखा तिचा रंग झालाय. छपरावरून बोट फिरवलं की हिरवी पूड निघते, फळ्यावरच्या खडूसारखी. आजोबा रोज सकाळी सातला ती पुसतात, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या फडक्यानं. त्या फडक्याला दुसरं कुणी शिवलं तर दिवसभर घरात हवा टाइट. आणि आमच्या घरात कायदा एकच, गाडीला हात लावायचा नाही. आत बसा, उतरा, दार हँडलला धरून हळू लावा, पण रंगाला हात नाही. कारण काय, तर रंग मूळचा आहे. कारखान्यातून आली तेव्हाचा. आजोबा हे अशा थाटात सांगतात की जणू कारखान्यात हेच ब्रश धरून उभे होते.

आता माझं बघ. दोन वर्षं झाली मी मास्तरांच्या वर्कशॉपमध्ये गाड्या रंगवायला शिकतेय. शिकतेय म्हणजे काय, रंग उडू नये म्हणून काचांना टेप लावतेय, रबराला टेप लावतेय, हँडलला टेप लावतेय. मास्तर मला हाक पण "ए टेप" अशीच मारतात. स्प्रे गन हातात द्यायची त्यांची एक पद्धत आहे. पहिली पूर्ण गाडी तू स्वतः आणायचीस. वर्कशॉपला आलेली नाही चालत. मालकानं तुझ्यावर विश्वास टाकून, आपणहून किल्ली तुझ्या हातात दिली पाहिजे. तशी गाडी आली की गन तुझी. माझ्याबरोबर अजून एक मुलगी शिकते, उंच, बारीक, तिला सगळे बाटली म्हणतात. तिचा मामा म्हणालाय, माझी डिलिव्हरी व्हॅन घे रंगवायला. फक्त तो तारीख देत नव्हता. म्हणजे कळलं ना? जी आधी गाडी आणेल तिच्या हातात गन. आणि दुसरी अजून वर्षभर टेप!

माझ्या डोळ्यासमोर गाडी कोणती येणार? अर्थात घरचीच.

त्यात नशीब बघ, बाबांनीच विषय काढला. एका संध्याकाळी म्हणाले, "आप्पा, गाडी रंगवून घेऊ. दाराखाली गंज धरतोय. लोक मला विचारतात, भंगारात देताय का."

बाबा आणि आत्या आजोबांना आप्पा म्हणतात. आत्या बाबांची मोठी बहीण, आमच्याच वरच्या मजल्यावर राहते आणि कुठलाही वाद सुरू झाला की चपला घालून दोन मिनिटांत खाली हजर.

"रंगवून?" आत्या दारातूनच ओरडली. "अरे, मूळ रंग आहे तो! शेहेचाळीस वर्षं आप्पांनी जिवापाड जपलाय. तुला साधं वॉशिंग मशीन तीन वर्षं टिकवता येत नाही."

"ताई, तू वॉशिंग मशीन मध्ये आणू नकोस."

"आणणार. दरवेळी आणणार."

आजोबा पेपर बाजूला ठेवून शांतपणे म्हणाले की जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे पुढच्या महिन्यात, त्यात मूळ रंगाच्या गाड्यांचा वेगळा गट असतो, आणि त्यात त्यांना आपली गाडी लावायची आहे. फक्त एका जाणत्या रंगाऱ्याचं पत्र लागतं, की होय, हा रंग मूळचाच आहे. "तुझ्या मास्तरांना बोलाव," मला म्हणाले. "त्यांनी पत्र दिलं तर रंगवायचं नाव कुणी काढायचं नाही. नाही दिलं तर रंगवा."

बाबा खूश, आत्या खूश, मी तर दुप्पट खूश आणि दुप्पट घाबरलेली. घाबरलेली का, ते येईलच पुढे. आई म्हणाली, मला दोन्ही चालेल, फक्त रविवारी जेवायच्या आत आटपा.

तर रविवारी मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट घालून! मी त्यांना इस्त्रीत पहिल्यांदाच बघत होते. हातात त्यांचं ते रंगाची जाडी मोजायचं यंत्र, साबणाच्या वडीएवढं. पत्र्यावर टेकवलं की ते टुक करतं आणि आकडा दाखवतं. कारखान्याचा जुना रंग साधारण शंभरच्या आसपास येतो. वरून कुणी काही थापलं असेल तर आकडा चढतो. सोपं आहे.

सगळे खाली गाडीभोवती. आजीनं सुद्धा खुर्ची आणून घेतली आणि मटार सोलत बसली, नाटक बघायला बसावं तशी.

मास्तरांनी छपरावर यंत्र टेकवलं. टुक. पंच्याण्णव.

आजोबांनी बाबांकडे असं बघितलं, असं बघितलं! आत्यानं टाळीच वाजवली.

पुढच्या उजव्या दारावर टुक. अठ्ठ्याण्णव. हँडलच्या खाली टुक. एकशे साठ.

मास्तर वाकले. चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून बघितलं आणि नखानं हलकंच टोकरलं. "हे नेलपॉलिश आहे," म्हणाले.

आजी मटार सोलायची थांबली. आत्याचा चेहरा हळूहळू असा झाला ना, की काही विचारायची गरजच राहिली नाही.

"आप्पा, मी कॉलेजात होते," आत्या म्हणाली. "अंगठी घासली गेली हो. एवढासा ओरखडा. मैत्रिणीकडे नेमकं हिरवं नेलपॉलिश होतं."

"हिरवं नेलपॉलिश कोण लावतं?" बाबा म्हणाले.

"तू गप्प बस."

बाबा इतके खुशीत आले की हाताची घडी घालून शीळ घालायला लागले. आणि मास्तर मागच्या दाराच्या खाली पोचले. टुक. तीनशे दहा.

शीळ बंद.

"इथे तर ब्रशनं मारलाय," मास्तर म्हणाले. "हा बघा, ब्रशचा केस अडकलाय रंगात." आणि खरंच गं, एक काळा केस, दीड इंचाचा, रंगात गाडला गेलेला! आम्ही इतकी वर्षं त्याच दारातून चढतोय उतरतोय.

"खिडक्यांना मारायला आणलेला रंग उरला होता," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "सायकल घासली होती माझी. बारा वर्षांचा होतो मी."

"आणि म्हणे दाराखाली गंज धरतोय!" आत्या कडाडली. "तुझ्याच थापलेल्या रंगाखाली धरतोय तो!"

आजोबांचे कान लाल झाले होते. माझं काय झालं असेल विचार कर, कारण मास्तर आता गाडीच्या मागून वळून डाव्या बाजूला येत होते, आणि डाव्या बाजूला मागचं मडगार्ड होतं.

टुक. चारशे वीस.

मास्तरांनी पुन्हा लावलं. चारशे पंधरा. ते मागे सरकले, मान वाकडी केली, उजेडात बघितलं, मग सावलीत बघितलं. अंगठा फिरवला. "आत लांबी भरलीये, पुट्टी. पत्रा चेपला होता." आणि मग जरा वेळानं, "पण दिसत नाही कुठे. कुणी केलंय हे?"

बाबांनी आत्याकडे बघितलं, आत्यानं बाबांकडे. दोघंही एकदम, "मी नाही!"

आता मी गप्प बसू शकले असते. कुणाला कधीच कळलं नसतं. पण मास्तर ते मडगार्ड सोडेचनात, आणि माझ्या तोंडातून आपोआपच निघालं, "मी."

सतरा वर्षांची होते गं मी. आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनला तीन दिवस दवाखान्यात होते. मी गुपचूप किल्ली घेऊन गाडी मागे घेतली आणि पार्किंगच्या खांबाला धाडकन. तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. दुकानातून रंगाचे छोटे डबे आणले, लांबी आणली, आणि आइस्क्रीमच्या काड्यांवर रंग कालवून कालवून उन्हात वाळवत बसले. ओला असताना जुळायचा, वाळला की गडद व्हायचा. अकरावी काडी जुळली. वरून चमक जास्त येत होती म्हणून ती टूथपेस्टनं घासून मारली. त्या तीन दिवसांत मला कळलं की मला आयुष्यात हेच करायचंय. आणि हे मी कुणालाही, अगदी तुला सुद्धा सांगितलं नव्हतं!

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "नवा रंग नाही जुळवलास," ते म्हणाले. "उन्हानं उडालेला जुळवलास." पुन्हा अंगठा फिरवला. "हं."

तुला तो "हं" कळणार नाही. दोन वर्षांत मी त्यांचा "हं" दोनदा ऐकलाय, आणि दोन्ही वेळा तो दुसऱ्याच कुणाला तरी होता. मला तिथेच उडी मारावीशी वाटली. पण समोर आजोबा उभे.

"तूसुद्धा?" एवढंच म्हणाले. आणि मग सुरू झाले. शेहेचाळीस वर्षं, एक कायदा, एकच, तोही पाळता आला नाही तुम्हाला. चूक होते, माणूस आहे, पण येऊन सांगावं. लपवायचं कशाला? याला विश्वास म्हणतात का? आम्ही तिघं रांगेत, माना खाली, बाबा तर पार बारा वर्षांचे झालेले. आजोबा बोलता बोलता गाडीच्या पुढे गेले आणि बॉनेटवर हात टेकवून उभे राहिले.

मास्तर खाकरले. "साहेब, जरा हात काढता का? एवढंच राहिलंय."

आजोबांनी हात काढला नाही.

"अहो," आजी म्हणाली. "काढा हात."

टुक. दोनशे चाळीस. मास्तरांनी इकडे लावलं, तिकडे लावलं, मध्ये लावलं. दोनशे अडतीस. दोनशे बेचाळीस. "अख्खं बॉनेट रंगवलंय," ते म्हणाले. "आणि फार जुनं काम आहे."

आम्ही तिघांनी एकदम माना वर केल्या. आणि आजोबा! खिशातून फडकं काढून बॉनेट पुसायलाच लागले. शेवटी आजीच इतकी हसायला लागली की मांडीवरचं मटारचं ताट कलंडलं आणि दाणे थेट गाडीखाली.

"त्यांना नका बोलू रे," ती डोळे पुसत म्हणाली. "मी ठोकली होती."

आठवडा झाला होता म्हणे गाडी घेऊन. आजोबा तिला चालवायला शिकवत होते, चोरून, कारण पणजोबांनी बजावलं होतं की सुनेच्या हातात गाडी जाता कामा नये. आजीनं ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं आणि गाडी स्वतःच्याच फाटकावर. पणजोबा गावाला गेलेले. आजोबांनी ते परत यायच्या आत दुसऱ्या गावात जाऊन बॉनेट सरळ करून, रंगवून आणलं. आणि पणजोबा जवळून बघायला लागले तसा तिथल्या तिथे कायदा काढला. गाडीला हात लावायचा नाही!

"म्हणजे तो कायदा..." बाबा म्हणाले.

"लपवायलाच होता," आजोबा म्हणाले. "मग सवय लागली. वाटलं, एवढं जुनं काम आता कुणाला ओळखू येणार."

"आणि मी पुढच्याच आठवड्यात परत चालवायला घेतली," आजी म्हणाली. "त्यानंतर आजपर्यंत माझ्या हातून एक ओरखडा नाही. तुमचं बघा सगळ्यांचं."

पत्र मिळणार नाही हे तर उघडच होतं. आता खरी मजा. आत्या म्हणाली, मूळ रंग नाहीच ना, मग जपायचं काय डोंबल? रंगवा! आणि बाबा, ज्यांनी रंगवायचा विषय काढला ते बाबा म्हणतात, नको, राहू दे. माझा ब्रशचा केस आहे त्यात. दोघांनी जागा बदलून नव्यानं भांडायला सुरुवात केली. आजी म्हणाली, मी ठोकणारी, मला मत नाही.

आजोबांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "रंगवणारी तू आहेस," म्हणाले. "तू ठरव. रंगव नाहीतर ठेव, मी काही बोलणार नाही."

झालं ना! मालकानं आपणहून किल्ली दिली, मास्तरांच्या समोर. मास्तर जाताना मला म्हणाले, "उद्या गाडी आण. गन काढून ठेवतो."

सोमवारी गाडी वर्कशॉपमध्ये. आधी काय करतात, तर एका कोपऱ्यात ओल्या पॉलिश पेपरनं रुपयाएवढं गोल घासतात, खाली किती थर आहेत ते बघायला. मी बॉनेटच्या कडेला घासलं. वरचा पिस्ता गेला. खाली राखाडी प्रायमर आला. तोही गेला. आणि त्याच्या खाली, अगं, काय सांगू तुला! हिरवा. काचेच्या जाड बाटलीच्या बुडातून उजेड आला की दिसतो ना, तसा. आमचा पिस्ता म्हणजे हाच, उन्हानं उडालेला. इथे शेहेचाळीस वर्षं त्याला ऊनच लागलं नव्हतं! अख्ख्या गाडीत मूळ रंग जसाच्या तसा राहिला होता तो फक्त तिथे, जिथे आजीनं ठोकली होती.

मी आजी-आजोबांना बोलावून घेतलं. आजोबा बराच वेळ वाकून बघत राहिले. आजीनं बोट ठेवलं त्याच्यावर. रंगावर बोट, आणि आजोबा काही बोलले नाहीत! "हाच," आजी म्हणाली. "हा मी निवडला होता. हे पांढरी घेणार होते."

त्या दिवशी मी तो हिरवा जुळवला. आठव्या काडीला जमला, प्रगती आहे. अख्खा डबा भरून तयार केला. मंगळवारी काचांना टेप, रबराला टेप, हँडलला टेप, मनात म्हटलं शेवटची टेप. गन समोर टेबलावर पुसून ठेवलेली. बाटली कोपऱ्यातून बघतेय, तोंड एवढंसं करून.

रंग धरायला आधी जुना रंग सगळीकडून घासून घ्यायचा असतो. मी पेपर भिजवला. आत्याच्या दाराशी बसले. तो नेलपॉलिशचा थेंब, बोटाला लागतो गं, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा. म्हटलं, हे नंतर. बाबांच्या दाराशी गेले. तो केस. म्हटलं, हेही नंतर. मग माझ्या मडगार्डाशी गेले. आणि ज्याच्यासाठी मला आयुष्यातला पहिला "हं" मिळाला, त्याच्यावर पेपर घासायचा? हात पुढे जाईचना. पाण्याचे थेंब पडून पडून पायाशी डबकं झालं. आणि माझं मला घासवत नाही, तर त्यांचं मी कशी घासू, सांग ना?

मी टेप काढायला लागले. कर्र... कर्र...

"काय झालं?" मास्तर.

"नाही रंगवत."

"मग गन?"

मी काढलेल्या टेपचा गोळा केला. म्हटलं, "बाटलीला द्या. तिच्या मामानं तारीख दिलीये." खरंच दिली होती, त्याच सकाळी. मास्तरांनी गन उचलून कपाटात ठेवली. "हं" वगैरे काही नाही. "ए टेप, मग ती निळी गाडी घे, काचांना टेप लावायचीये," एवढंच.

गाडी मी फक्त धुतली, गंज साफ केला, मेण लावलं आणि ते हिरवं गोल उघडंच ठेवून त्याच्यावर पारदर्शक थर मारला. प्रदर्शनात साध्या गटात लावली. आत्यानं काचेवर एक मोठा कागद चिकटवला. डावं मडगार्ड, नात, खांब. उजवं दार, मुलगी, अंगठी. मागचं दार, मुलगा, सायकल. बॉनेट, बायको, फाटक. बक्षीस बिक्षीस काही नाही, पण चकचकीत गाड्या सोडून लोक आमचा कागद वाचायला रांगेत! आजोबा एकेक जागा बोटानं दाखवत होते. "हात लावून बघा, हात लावून बघा!" म्हणत होते. आजोबा!

येताना गाडी आजी चालवत होती. मी पुढे, आजोबा, बाबा, आत्या मागे झोपलेले, तोंडं उघडी. आजीची नजर बॉनेटच्या त्या हिरव्या गोलावर. हळूच म्हणाली, "छान केलंस हो. सगळे किती खूश आहेत." मग गिअर बदलला. "मला आपलं वाटलं होतं, तू रंगवशील."

"आजी! मग तू बोलली का नाहीस?"

"मला मत नव्हतं ना," ती हसली. "पण अख्खी गाडी त्या रंगाची मी एकच आठवडा बघितली गं. मग बॉनेट वेगळं दिसायला लागलं. मलाच दिसायचं ते." आणि हॉर्न वाजवला, समोर एक कुत्रं आडवं आलं होतं म्हणून, आणि मागचे तिघं दचकून उठले.

डबा तसाच भरलेला आहे. वर्कशॉपमध्ये फळीवर. मी रोज त्याच्यासमोर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना टेप लावते, आणि पलीकडे बाटली गन घेऊन शीळ घालत असते.

आता बोल. कधीची तोंड दाबून बसलीयेस. तू काय केलं असतंस?